नाव एक, धान अनेक: डीएनए मार्करने वाण तपासताना

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात दोन शेजारच्या गावांतला ‘चिन्नोर’ एकच असेल याची खात्री नसते. उलट, वेगळ्या नावांनी पेरले जाणारे दोन धान मुळात एकच निघू शकतात. दाण्याची लांबी, तुसाचा रंग, झाडाची उंची पाहून बराच उलगडा होतो, पण ही लक्षणे पाणी आणि खतानुसार बदलतात. डीएनए मात्र बांधी बदलली म्हणून बदलत नाही.

धानाच्या १२ गुणसूत्रांवर जागोजागी डीएनएची मोजकी अक्षरे पुन्हापुन्हा येतात, जसे जीए-जीए-जीए. एका वाणात ती १४ वेळा, तर दुसऱ्यात १९ वेळा. म्हणजे त्या तुकड्याच्या लांबीत १० अक्षरांचा फरक. या जागांना एसएसआर मार्कर म्हणतात. प्रत्येक गुणसूत्रावरचे दोन-चार घेतले की वाणांची तुलना करण्यापुरती माहिती मिळते.

खरी गफलत प्रयोगशाळेत नव्हे, नमुना घेतानाच होते. खर्च वाचावा म्हणून दहा झाडांची पाने एकाच नळीत कुटतात. पारंपरिक वाण हा बहुधा अनेक शुद्ध वंशांचे मिश्रण असतो, त्यामुळे अशा नळीतून आलेल्या डीएनएचे तुकडे जेलवर (लांबीनुसार तुकडे वेगळे करणाऱ्या थरावर) पाहिले की दहातले एखादे वेगळे झाड फिकट पट्टी होऊन जाते आणि कुणी ती मोजतही नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी ‘पटेल ३’ धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या निवडल्या आणि त्यांतून ‘एचएमटी’ घडवला. विविधता शोधायची तर अशीच झाडे हाताशी लागायला हवीत. म्हणून एका वाणाची किमान १०-१२ झाडे घ्यावीत आणि प्रत्येकाची नळी वेगळी ठेवावी.

पाने पऱ्ह्यातल्या (रोपवाटिकेतल्या) १५-२० दिवसांच्या रोपांची घ्यावीत. जुन्या पानांत शर्करायुक्त पदार्थ जास्त असतात, डीएनए चिकट निघतो आणि पुढची पीसीआर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, अडते. पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली तर उकाड्यात काळी पडतात. कागदी पाकिटात घालून वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये वाळवावीत. मग पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या सीटॅब द्रावणात ६५ अंशांवर पाऊण तास, क्लोरोफॉर्मने स्वच्छता, आयसोप्रोपॅनॉलने डीएनए खाली बसवणे आणि ७० टक्के इथेनॉलने धुणे. तळाशी बसलेली डीएनएची गोळी पूर्ण सुकू द्यावी, कारण उरलेले इथेनॉलही पीसीआर बंद पाडते. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचे गुणोत्तर १.८ च्या आसपास हवे; बरेच कमी आले तर प्रथिने राहिली आहेत.

पीसीआर साधारण ३५ फेऱ्यांची: ९४ अंशांवर धागे सुटतात, ५५ च्या आसपास प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) चिकटतो, ७२ वर नवा धागा बनतो. तुकडे जेलवर धावतात. दोन-चार अक्षरांचा फरक अगारोजच्या साध्या जेलवर दिसत नाही. त्यासाठी पॉलिअॅक्रिलामाइडचे जेल लागते. प्रत्येक जेलवर निप्पोनबारे या जपानी धानासारखा एक ठरलेला वाण ठेवावा, नाहीतर सोमवारच्या आणि गुरुवारच्या जेलची तुलनाच होत नाही.

आता वाचन. धान स्वपरागित आहे, परका पराग सहसा एक टक्क्याहून कमी. त्यामुळे एकाच झाडात अनेक मार्करवर दोन-दोन पट्ट्या दिसल्या तर संकर किंवा नमुन्याची सरमिसळ समजावी. पट्टी आलीच नाही, तर लगेच शून्य, म्हणजे तो तुकडाच नाही, असे लिहू नये. पीसीआर परत करावी. फसलेल्या प्रयोगांचे शून्य जुळले की असंबंधित वाणही सख्खे दिसू लागतात.

मार्कर चव किंवा उत्पन्नाबद्दल बहुधा काही बोलत नाहीत. सुवास हा अपवाद: आठव्या गुणसूत्रावरच्या बीएडीएच-२ जनुकातली आठ अक्षरे गळाली की भाताला वास येतो. पण काही देशी सुवासिक धानांत जनुकातला बदल वेगळा असतो, तेव्हा ही गळती सापडली नाही म्हणून वाण सुवासिक नाही असे ठरवणे घाईचे.

२००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली शेतकऱ्याचे वाण नोंदवतानाही शेतातली लक्षणेच पाहतात, डीएनए पूरक. म्हणून पान तोडले त्या झाडाला लगेच क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि त्याचीच लोंबी वेगळी राखावी. अहवालात वेगळे ठरलेले झाड पुढच्या हंगामात पेरायला दुसरे बियाणे नसते.