व्हायरल लोडचा आकडा कसा वाचायचा

मुंबईतल्या केईएम, सायन किंवा जे. जे.च्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रिपोर्टवर बहुधा ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ (विषाणू सापडला नाही) येतं. गोळ्या नसत्या तर तिथे आकडा असता: एक मिलिलिटर प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) एचआयव्हीच्या आरएनएच्या, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याच्या, प्रती किती. हाच व्हायरल लोड.

लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत हा आकडा दहा लाखांवरही जातो. मग प्रतिकारशक्ती त्याला खाली खेचते आणि काही महिन्यांत तो एका पातळीवर टेकतो. तोच सेट पॉइंट. पुढे वर्षानुवर्षं माणूस ठणठणीत दिसतो, पण आत उसंत नसते. डेव्हिड हो, अ‍ॅलन पेरेलसन या संशोधकांच्या आणि सहकाऱ्यांच्या 1996च्या मोजणीनुसार शरीरात रोज सुमारे 1,000 कोटी विषाणू तयार होतात आणि रक्तातले निम्मे साधारण सहा तासांत नाहीसे होतात. आवक-जावक सारखी, म्हणून आकडा स्थिर!

त्याच वर्षी जॉन मेलर्स यांच्या गटाने दाखवलं, की सुरुवातीचा व्हायरल लोड जितका जास्त तितका एड्स लवकर. विषाणुतज्ज्ञ जॉन कॉफिन यांची उपमा प्रसिद्ध आहे: व्हायरल लोड हा गाडीचा वेग, सीडी4 पेशींची (एचआयव्ही ज्यांना लक्ष्य करतो त्या प्रतिकारपेशींची) संख्या म्हणजे अपघातापर्यंत, अर्थात एड्सपर्यंत, उरलेलं अंतर. उपचाराविना हे अंतर कापायला साधारण दहा वर्षं लागतात. लोड सतत लाखावर असेल तर बरीच कमी. उलट, एक टक्क्याहूनही कमी लोकांत औषधाविना विषाणू चाचणीत सापडत नाही. त्यांच्यात एचएलए-बी57 हा जनुकप्रकार बऱ्याचदा आढळतो.

दोन रिपोर्टांची तुलना करताना वजाबाकी नको, पट बघा. 10,000चे 18,000 झाले तर ती नेहमीची चढउतार. बदल साधारण तिपटीचा झाला तर दखल घ्यायची. तेव्हाही आधी टीबी, नुकताच आलेला ताप किंवा घेतलेली लस यांची चौकशी हवी, कारण त्यांनी आकडा तात्पुरता वर जातो. टीबीचं प्रमाण मोठं असलेल्या मुंबईत हे विसरून चालत नाही.

गाडीची उपमा समूहाला चपखल बसते, एकट्या माणसाला नाही. 2006च्या एका अमेरिकी अभ्यासात सीडी4 घटण्याच्या वेगातला व्यक्तीगणिक फरक व्हायरल लोडमुळे जेमतेम 4 ते 6 टक्केच उलगडला. कारण मरणाऱ्या सीडी4 पेशींपैकी बहुतेकांत विषाणू वाढतच नसतो. अर्धवट राहिलेला संसर्ग आणि सतत पेटलेली प्रतिकारयंत्रणा त्यांना संपवते. स्त्रियांत सुरुवातीचा आकडा पुरुषांपेक्षा कमी असतो, आजार मात्र त्याच वेगाने वाढतो. कमी आकड्यावर निर्धास्त राहणं म्हणूनच धोक्याचं.

भारतात 2017पासून सीडी4 कितीही असो, निदान होताच उपचार मिळतात. त्यानंतर व्हायरल लोड गोळ्यांचं काम तपासतो: सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात, मग वर्षातून एकदा. 1,000च्या वर गेला तर आधी गोळ्या चुकतायत का ते पाहतात आणि समुपदेशनानंतर चाचणी पुन्हा होते. तरीही उतरला नाही, तर औषधं बदलण्याचा विचार करतात.