टेकड्यांवरचे गिरिपुष्प : स्वस्त रोपांच्या लागवडीची पार्श्वभूमी

पुण्यातील वेताळ टेकडी, हनुमान टेकडी आणि तळजाई-पाचगाव पर्वतीचे वन या भागांत गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) झाडे ठेवावीत की टप्प्याटप्प्याने काढावीत, हा वाद दर पावसाळ्यात नव्याने निघतो. ही झाडे तेथे का लावली गेली, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रापेक्षा रोपवाटिकेच्या हिशेबात अधिक सापडते.

ब्रिटिश काळात १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी इमारती लाकडाच्या जंगलांना संरक्षण दिले, पण शहरालगतच्या उघड्या टेकड्या प्रामुख्याने चराईच्या आणि सरपणाच्याच राहिल्या. पुढे १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने कोरडवाहू शेतात समपातळी बांध घालण्यास कायद्याचे बळ मिळाले. मात्र तो सगळा विचार शेतजमिनीचा होता. १९५० पासून वनमहोत्सव साजरा होऊ लागला तरी टेकड्यांच्या मुरमाड उतारांकडे मृद्संधारणाचे क्षेत्र म्हणून पाहिले गेले ते १९७२ च्या दुष्काळानंतर.

त्या दुष्काळाने दोन गोष्टी एकाच वेळी घडवल्या. हाताला काम देणे ही सरकारची जबाबदारी ठरली आणि रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन १९७९ मध्ये अमलात आला. या योजनेला अशी कामे हवी होती, ज्यांत मजुरीचा वाटा मोठा आणि सामानाचा खर्च कमी असेल. चर खोदणे, खड्डे घेणे आणि रोपे लावणे या चौकटीत नेमके बसत होते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी राज्यात सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली आणि गावोगावी रोपवाटिका निघाल्या. उतारावर समतल चर खणायचा, निघालेल्या मातीचा वरंबा खालच्या बाजूस घालायचा आणि त्यावर किंवा त्यालगत रोप लावायचे, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली.

येथे पैशाचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच निघाला. रोप स्वस्त पडायचे तर प्लास्टिकची पिशवी लहान हवी, बी मुबलक व सहज उगवणारे हवे, आणि रोप रोपवाटिकेत कमीत कमी महिने ठेवावे लागले पाहिजे. लहान पिशवीत रोप एका हंगामापेक्षा जास्त राहिले की मुळे तळाशी गुंडाळू लागतात, आणि असे रोप खडकाळ खड्ड्यात गेल्यावर मुळे सरळ खाली न जाता गोल फिरत राहतात. त्यामुळे झटपट वाढणाऱ्या जातींना आपोआप प्राधान्य मिळाले. सालई, मोई, धावडा किंवा खैर यांसारख्या स्थानिक झाडांची वाढ संथ असल्याने ती या हिशेबात मागे पडली.

सुरुवातीला सुबाभळीचा बोलबाला होता. तिचा पाला जनावरांना चालत असल्याने शेतकऱ्यांना ती आवडली, पण नेमक्या याच गुणामुळे कुंपण नसलेल्या टेकडीवर ती शेळ्यांच्या तोंडी गेली. गिरिपुष्पाचे तसे झाले नाही. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाला आपल्याकडच्या शेळ्या-गुरांनी सहसा तोंड लावले नाही. ते बियांपासून येते आणि फांदी रोवूनही येते, उथळ मुरमात टिकते, शेंगवर्गीय असल्याने हवेतील नत्र जमिनीत आणते आणि त्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी पडतो. कुंपण, राखणदार व पाणी यांपैकी काहीच परवडत नसताना १९७० आणि १९८० च्या दशकांत ज्यांनी हे झाड निवडले, त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आक्षेप घ्यायचा असेल तर तो नंतरच्या काळाबद्दल घ्यावा. चराई आटोक्यात आली, टेकड्यांना कुंपणे पडली, निधीही वाढला, आणि तरीही कित्येक वर्षे लागवडीच्या यादीत हेच झाड वरच्या क्रमांकावर राहिले, याचे समर्थन करणे कठीण आहे.

गिरिपुष्पाने माती धरली, हा दावा मात्र तपासून घेतला पाहिजे. उतारावरून वाहणारे पाणी अडवले ते प्रथम चराने, आणि पृष्ठभागावरची माती धरून ठेवण्यात कुसळीसारख्या गवतांच्या तंतुमय मुळांचा वाटा फार मोठा असतो. दाट गिरिपुष्पाच्या सावलीत हे गवत विरळ होते. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पावसाच्या या भागात गवत आणि तुरळक झाडे हीच अनेक उतारांची मूळ रचना होती, आणि चंडोलासारखे उघड्या माळावर घरटे करणारे पक्षी त्यावरच अवलंबून होते. या उतारांना ‘पडीक’ म्हणून नोंदवल्यावर तेथे झाड नसणे हीच उणीव ठरली.

अलीकडच्या काळात दोन प्रवाह एकमेकांना छेद देत गेले. एकीकडे पुणे महापालिकेच्या हद्दीत १९९७ मध्ये आलेल्या २३ गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आले, आणि दीर्घ वादानंतर राज्याने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. दुसरीकडे २०१६ पासून राज्यभर वृक्षलागवडीची उद्दिष्टे कोटींत मोजली जाऊ लागली : पहिल्या वर्षी २ कोटी, मग ४, १३ आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. आकडा जितका मोठा, तितके रोप स्वस्त आणि तयार हवे, हे जुनेच गणित पुन्हा लागू झाले. लावलेल्या रोपांचा आकडा जाहीर होतो त्या दिमाखात तिसऱ्या वर्षी जिवंत असलेल्यांचा होत नाही.

गिरिपुष्प काढण्याची भाषा सोपी असली तरी काम तसे नाही. बुंधा तोडला की त्याला पुन्हा जोमाने फुटवे येतात, आणि नागरी क्षेत्रात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. शिवाय सगळी झाडे एकदम काढली तर उघडा पडलेला मुरूम पहिल्याच पावसात वाहून जाईल. म्हणून मधल्या मोकळ्या पट्ट्यांत आधी गवत वाढू द्यावे, मोठ्या पिशवीतील स्थानिक रोपे अर्धवट सावलीत लावावीत, आणि ती डोक्याएवढी झाल्यावरच शेजारचे गिरिपुष्प छाटून त्याचा पाला त्याच रोपांच्या आळ्यात घालावा, हा क्रम सुचवला जातो. अशा रोपाला सुरुवातीची काही वर्षे राखण आणि उन्हाळी पाणी द्यावेच लागते, आणि तो खर्च लागवडीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.