हप्ताभर बोटीवर राहून माशांचे फोटो काढायचं खूळ आलं कुठून

आमच्या दारव्ह्याकडं पाण्याखाली जायचं म्हणजे विहिरीत पडलेली बादली नाहीतर मोटरच्या पाइपाचा फुटव्हॉल्व काढायला, बस तेवढंच. त्यामुळं चुलतभावाचा पोरगा जेव्हा सांगू लागला की तो सात दिवस अंदमानच्या समुद्रात बोटीवरच राहणार, तिथंच खाणार, तिथंच झोपणार, दिवसाला तीन-चार बुड्या मारणार अन् फोटो काढणार, तेव्हा पारावर सगळ्यांचा एकच सवाल, "काहून बे, किनाऱ्यावर लॉज नाही काय?" ह्या प्रकाराला लिव्हअबोर्ड म्हणतात. पण सवाल बरोबर होता राजेहो, म्हणून म्हटलं जरा मागून सुरुवात करू.

पाण्याखालचा पहिला फोटो १८५६ चा, इंग्लंडातल्या वेमथजवळचा. विल्यम थॉम्पसन नावाच्या वकिलानं कॅमेरा पेटीत बंद केला, समुद्रात सोडला अन् वरून दोरी ओढली. पेटीत पाणी शिरलं तरी अंधुक का होईना फोटो आला. म्हणजे पहिला फोटो काढणारा गडी स्वतः होडीत कोरडाच बसून होता!

स्वतः खाली उतरला तो फ्रान्सचा लुई बुताँ, १८९३ मध्ये. डोक्यावर हेल्मेट, वरून नळीनं हवा. पण खाली उजेड कमी, एका फोटोला कधी कधी अर्धा तास लागायचा, अन् मासा काही अर्धा तास थांबत नाही. मग त्यानं ऑक्सिजन भरलेल्या पिंपावर स्पिरिटचा दिवा बसवला, त्याच्या ज्योतीवर रबरी फुग्यानं मॅग्नेशियमची पूड फुंकायची की झाला फ्लॅश. फ्लॅशची गरज नुसत्या अंधारामुळं नाही, पाणी आधी लाल रंग खातं, पाच-सहा मीटर खाली लालभडक वस्तू पण मातकट दिसते. रंगीत फोटो यायला १९२६ उजाडलं, फ्लोरिडाजवळ लाँगली अन् मार्टिन ह्या दोघांनी तराफ्यावर मॅग्नेशियम उडवून एका माशाचा फोटो घेतला, तो पुढच्या जानेवारीत नॅशनल जिओग्राफिकमध्ये छापून आला.

आता खरी गंमत. नळीतून सुटका झाली १९४३ मध्ये, अन् ती पेट्रोलच्या टंचाईमुळं! फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, गाड्या गॅसवर चालवायची पाळी, त्यासाठी एमिल गान्यान ह्या इंजिनिअरनं एक व्हॉल्व बनवला होता. फ्रेंच नौदलातला पाणबुड्या जॅक कूस्तो, त्यानं गान्यानला गाठलं अन् तोच व्हॉल्व सुधारून पाण्यात नेला. आपल्या घरच्या सिलिंडरवर रेग्युलेटर असतो न, नाव पण तेच, फक्त हा श्वास ओढला की तेवढीच हवा सोडतो, तीही बाजूच्या पाण्याच्या दाबाइतकी.

आता पारावरच्या सवालाचं उत्तर इथं सापडतं. पाठीवरचा हवेचा सिलिंडर तासाभरात संपतो. कॅमेऱ्यात रोल छत्तीस फोटोंचा, काही कॅमेऱ्यांत तर बाराचाच, अन् पाण्याखाली रोल बदलता येत नाही. म्हणजे वर यायचं, अंग पुसायचं, कॅमेरा उघडायचा, पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगवरचा केस न केस काढायचा, नवा रोल टाकायचा, सिलिंडर भरायचा अन् परत खाली. चांगली जागा किनाऱ्यापासून आठ-दहा तास लांब असली तर रोज येऊन-जाऊन होईल काय? कॉम्प्रेसर अन् खाटा बोटीवरच न्याव्या लागतात. कूस्तोनं १९५० मध्ये कॅलिप्सो घेतली, ती युद्धात सुरुंग काढायची बोट, नंतर माल्टाला फेरी म्हणून चालायची, एका श्रीमंतानं विकत घेऊन त्याला वर्षाला एक फ्रँक भाड्यानं दिली. ऑस्ट्रियाचा हान्स हास झारिफा ह्या शिडाच्या जहाजावरून १९५७-५८ च्या सफरीत तांबडा समुद्र, मालदीव करत आपल्या निकोबारपर्यंत आला होता.

हे सगळे संशोधक, हौशी माणसाचं काम नाही. हौशांसाठी दार उघडलं निकॉननं १९६३ मध्ये, निकोनॉस आणून. पेटीशिवाय थेट पाण्यात न्यायचा कॅमेरा, मुळात कूस्तोसाठी बनवलेल्या कॅलिप्सोफॉटचाच पुढचा अवतार. मालदीवमध्ये १९७२ ला पर्यटन सुरू झालं, पुढं तिथं अन् तांबड्या समुद्रात राहायच्या बोटी वाढत गेल्या. तांबड्या समुद्रात थिसलगॉर्म नावाचं १९४१ मध्ये बुडालेलं जहाज आहे, आत अजून मोटरसायकली उभ्या आहेत, तिथं फोटोवाल्यांची कायम गर्दी.

डिजिटल आल्यावर रोलची कटकट संपली अन् बॅटरीची सुरू झाली. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन बोटीला रात्री आग लागून खाली झोपलेले ३४ जण गेले. आग नेमकी कशानं लागली ते चौकशीत ठरलं नाही, पण रात्री फेरी मारणारं कोणी जागं नव्हतं हे निघालं. तेव्हापासून झोपताना चार्जिंगला काही लावायचं नाही असं कितीतरी बोटवाले बजावतात, अन् मला तरी ते पटतं.

पोराची बोट श्री विजयपुरमहून, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरहून, बॅरन बेटाकडं जाणार, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी तो. शेवटच्या दिवशी बुडी नाही, कारण रक्तात नायट्रोजन साठलेला असतो, वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात, म्हणून निदान १८ तास तरी विमानात बसायचं नसतं. गेल्या रविवारी त्यानं कॅमेऱ्याची ती महागडी प्लास्टिकची पेटी आमच्या विहिरीत सोडली, आत कॅमेरा नाही, नुसता टिशू पेपर, तरंगू नये म्हणून खाली दगड बांधला, अन् आम्ही चौघं काठावर. वीस मिनिटांनी दोर ओढला. कागद कोरडा होता.