छळपीडित निर्वासितांचे उपचार व पुनर्वसन

मायदेशी कोठडीत, तुरुंगात किंवा सशस्त्र गटांच्या ताब्यात यातना भोगून परदेशात आश्रयाला आलेल्या व्यक्तींवर केले जाणारे शारीरिक व मानसिक उपचार, तसेच त्यांना दिले जाणारे सामाजिक व कायदेविषयक साहाय्य यांचा या विषयात समावेश होतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1984 च्या छळविरोधी कराराच्या 14 व्या कलमानुसार शक्य तितके पूर्ण पुनर्वसन हा पीडिताचा हक्क आहे.

या कार्याची सुरुवात डेन्मार्कमधील डॉक्टरांनी केली. 1973 च्या लष्करी उठावानंतर चिलीतून आलेल्या निर्वासितांची त्यांनी तपासणी केली आणि पुढे इंगे गेनेफ्के यांच्या पुढाकाराने 1982 मध्ये कोपनहेगनला स्वतंत्र उपचार केंद्र उभे राहिले. लंडनमध्ये हेलन बॅम्बर यांची संस्था आणि अमेरिकेत मिनेसोटातील केंद्र, ही दोन्ही 1985 ची.

तळपायांवर मार बसलेल्या व्यक्तीला वर्षानुवर्षे चालताना वेदना होतात, मात्र पायावर व्रण दिसेलच असे नाही. निद्रानाश, भयस्वप्ने, नैराश्य आणि आघातोत्तर ताण विकार यांच्या जोडीला अशी जुनाट दुखणी असल्यामुळे मानसोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) एकत्रच चालवावे लागतात. खरी अडचण पुढेच आहे. विजेचे झटके सोसलेल्या माणसाला हृदयालेखासाठी (ईसीजी) छातीवर लावलेल्या तारा, किंवा बांधून ठेवलेल्याला दंतवैद्याची खुर्ची, पुन्हा छळाच्या त्याच खोलीत नेऊ शकते. छळात डॉक्टरच सामील असतील तर पांढरा कोटही पुरतो. म्हणून प्रत्येक कृती आधी समजावून सांगणे, रुग्णाने ‘थांबा’ म्हणताच थांबणे, बाहेर ताटकळत न ठेवणे, ही केवळ सौजन्याची बाब न राहता उपचाराचाच भाग ठरते. दुभाषाची निवडही तितकीच नाजूक असते. तो विरोधी गटाचा असल्याची शंका आली तरी रुग्ण गप्प होतो, आणि घरच्या माणसाला, विशेषतः मुलांना, या कामाला बसवणे सर्वथा गैर होय.

चिलीतील मानसशास्त्रज्ञांनी हुकूमशाहीच्या काळातच पीडितांची साक्ष नोंदवून तिचा उपचार म्हणून उपयोग केला होता. त्या परंपरेतून पुढे आलेल्या कथनाधारित उपचारात जमिनीवर आयुष्यरेषा म्हणून दोरी अंथरतात. सुखद प्रसंगांसाठी तिच्यावर फुले आणि आघातांसाठी दगड ठेवले जातात, आणि मग जन्मापासूनची हकिकत क्रमवार सांगितली जाते.

छळाच्या वैद्यकीय पुराव्याची पद्धत ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ या 1999 च्या, 2022 मध्ये सुधारलेल्या, संहितेने घालून दिली आहे. जखम सांगितलेल्या कारणाशी कितपत जुळते, याची तीत प्रतवारी असते. आघातामुळे आठवणी तुटक व मागेपुढे होतात. आश्रयाच्या मुलाखतीत मात्र हीच विसंगती अनेकदा खोटेपणाची खूण मानली जाते, आणि वैद्यकीय अहवालाचे मोल तेथेच सर्वाधिक असते.

आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना परत पाठवणीची टांगती तलवार असते आणि अनेक ठिकाणी काम करण्यावरही निर्बंध असतात. अशा अवस्थेत सुधारणा मंदावते, हा उपचारकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यामुळे आघाताच्या आठवणींना हात घालण्यापूर्वी सुरक्षितता व स्थैर्य यावे, असा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते ती वाट पाहण्यात वर्षे वाया जातात. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युगांडातील वसाहतीत सुदानी निर्वासितांवर केलेल्या अभ्यासात, भविष्य अनिश्चित असतानाही कथनाधारित उपचाराचा लाभ दिसून आला होता.