ख्रिसमसची झाडं घेऊन गेलेलं जहाज आणि न कुजणारं लाकूड

तलावात जहाज बुडालं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रंकाळा नाहीतर पवई येतं आणि हसूच येतं, पण अमेरिकेतला लेक मिशिगन जवळपास ५८ हजार चौरस किमीचा आहे, मधोमध गेलात तर कुठलाच काठ दिसत नाही. त्यात नोव्हेंबरची वादळं म्हणजे विचारूच नका.

२२ नोव्हेंबर १९१२ ला राऊज सिमन्स हे तीन डोलकाठ्यांचं लाकडी जहाज याच तलावाच्या उत्तर काठावरच्या थॉम्पसनहून शिकागोला निघालं, आत-वर सगळीकडे ख्रिसमसची झाडं कोंबलेली. कॅप्टन हर्मन शूनेमान शिकागोत जहाज लावून तिथूनच झाडं विकायचा. जहाज मात्र ४४ वर्षांचं, पार थकलेलं. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या केवॉनी गावाच्या काठावरून ते मदतीचा झेंडा लावून जाताना दिसलं, जवळच्या टू रिव्हर्स गावाहून मोटरबोट धावली, पण हाती काहीच नाही. दोरखंडांवर आणि झाडांवर पाणी गोठून वजन वाढलं असावं असा एक अंदाज. १९२४ मध्ये मच्छीमारांच्या जाळ्यात कॅप्टनचं पाकीट आलं, मेणकापडात गुंडाळलेलं.

मग १९७१ मध्ये एका डायव्हरला ते जहाज सुमारे ५० मीटर खोल सापडलं, आणि आत झाडं तशीच रचलेली, काहींना तर सुया शिल्लक! साठ वर्षं पाण्यात राहून!!

कारण एक किडा. खरंतर किडा नाहीच, शिंपल्याचाच भाऊबंद, अंगाने लांबलचक अळीसारखा, आणि लाकूड पोखरून खातो. समुद्रात लाकडी जहाजाचा तो काही वर्षांत भुगा करतो, पण गोड्या पाण्यात तो जगत नाही. शिवाय पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशाला, त्यामुळे खोल तळाशी उन्हाळ्यातही थंडगार पाणी बसून असतं, वर अंधार, म्हणजे कुजवणारे जीवाणू पण सुस्त. थोडक्यात फ्रीज.

आणि फ्रीजमधून बाहेर काढलं की काय होतं तेही लोकांनी करून बघितलं. १८६४ ला याच तलावात बुडालेलं ॲल्विन क्लार्क हे जहाज १९६९ मध्ये अख्खं वर काढलं, पाणी उपसल्यावर म्हणे ते चक्क तरंगलं, सगळीकडे कौतुक. पण भिजलेलं लाकूड हळूहळू वाळायला लागलं की तडकतं, त्यावर उपचार करायला पैसे कोणाकडे होते? शंभरहून जास्त वर्षं पाण्यात धडधाकट राहिलेलं जहाज काठावर २५ वर्षांत सडलं आणि १९९४ मध्ये मोडीत निघालं.