निर्दोष पेला, दोषी माणूस

एका ठोशाने माणूस दगावल्याच्या बातमीत 'ठोसा' हा शब्द मोठा असतो, पण अशा मृत्यूंमध्ये बहुधा खरे काम ठोसा नव्हे तर जमीन करते. हनुवटीवर बाजूने जोरदार फटका बसला की डोके मानेभोवती झटक्याने फिरते, कवटीतला मेंदू जडत्वामुळे किंचित मागे राहतो आणि या ओढाताणीत माणसाची शुद्ध क्षणात हरपते. शुद्धीवर असलेला माणूस पडताना हात पुढे करतो, गुडघे वाकवतो, मान आवळून धरतो. शुद्ध हरपलेला माणूस मात्र तोडलेल्या झाडासारखा सरळ कोसळतो आणि साधारण पावणेदोन मीटर उंचीवरचे त्याचे डोके ताशी वीस किलोमीटरहून अधिक वेगाने फरशीवर किंवा पदपथाच्या कडेवर आपटते. कवटी तडकते, मेंदूच्या आवरणाखालच्या शिरा फाटतात आणि साचत जाणारे रक्त मेंदूला दाबू लागते. मार खाणाराही प्यायलेला असेल तर पडण्यापूर्वीच त्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेल्या असतात, शिवाय नंतरचे अडखळते बोलणे, उलटी आणि गुंगी ही मेंदूतल्या रक्तस्रावाची लक्षणे सोबत्यांना दारूचीच वाटतात. 'झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल' असे म्हणून घरी नेलेला माणूस सकाळी उठत नाही, ही मेंदूशल्यचिकित्सकांच्या चांगल्या परिचयाची गोष्ट आहे.

ठोसा मारणारा आणि खाणारा, दोघांच्याही रक्तात बहुधा जो पदार्थ असतो तो कोपऱ्यावरच्या परवानाधारक दुकानात मिळतो. इंग्लंड आणि वेल्समधील गुन्हेविषयक सर्वेक्षणांत हिंसेला बळी पडलेल्यांना हल्लेखोराविषयी विचारले जाते, तेव्हा सुमारे ४० टक्के घटनांमध्ये तो दारू प्यायलेला होता असे उत्तर येते. इतर अमली पदार्थांचा उल्लेख त्याच्या साधारण निम्म्या घटनांमध्ये होतो. तरीही 'अमली पदार्थांमुळे होणारी हिंसा' असे म्हटले की डोळ्यांसमोर दारूची बाटली येत नाही. हा केवळ प्रतिमेचा प्रश्न नाही. कारण आणि परिणाम यांची सांगड आपण दोन ठिकाणी दोन वेगळ्या पद्धतींनी घालतो. हेरॉइन घेणाऱ्याने चोरी केली तर दोष हेरॉइनचा ठरतो आणि त्या पदार्थाविरुद्ध युद्ध पुकारले जाते. दारू प्यायलेल्याने कुणाचा जबडा मोडला तर दोष त्या माणसाचा ठरतो: त्याला पचत नव्हती, त्याला मर्यादा कळत नव्हती, तो मुळातच तसला होता. दारू स्वतः मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही उभी राहत नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने दोन्ही मांडण्या अर्धवट आहेत, आणि त्यांतली दारूविषयीची मांडणी तपासून पाहण्याजोगी आहे, कारण या एका पदार्थावर प्रयोगशाळेत जितके प्रयोग झाले तितके दुसऱ्या कोणत्याही नशेवर झालेले नाहीत.

इथेनॉलचा रेणू अगदी लहान असतो आणि पाण्यात सहज मिसळतो, त्यामुळे तो काही मिनिटांत मेंदूत पोहोचतो. तिथे तो दोन बाजूंनी काम करतो: मज्जापेशींना शांत करणाऱ्या गॅबा या रसायनाचा परिणाम तो वाढवतो आणि त्यांना उद्दीपित करणाऱ्या ग्लुटामेटचा संदेश टिपणाऱ्या ग्राहींना दाबतो. त्याच वेळी मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेत डोपामाइन या रसायनाचा स्राव वाढतो. या सगळ्याचा फटका कपाळामागच्या अग्रभागाला लवकर बसतो, आणि नेमका हाच भाग 'थांब, याचा परिणाम काय होईल?' हा प्रश्न विचारत असतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात थॉमस डेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना व्होडकाचे दोन पेले आणि काहींना दारूविना तसेच भासणारे पेय देऊन, मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात त्यांना चिथावणी देण्यात आली. दारू घेतलेल्यांच्या मेंदूत आक्रमक कृतीच्या वेळी अग्रभागाची हालचाल मंदावलेली दिसली. दोनच पेले, आणि तेही निरोगी तरुणांना. व्यसनाचा इथे काही संबंध नव्हता.

पण मेंदूचा ब्रेक सैल झाला म्हणजे गाडी आपोआप कुणाच्या अंगावर जाते असे नाही. कोट्यवधी लोक रोज पितात आणि कुणालाही न मारता झोपी जातात. हे कोडे सोडवण्यासाठी क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९०मध्ये 'मद्यजन्य ऱ्हस्वदृष्टी'ची कल्पना सविस्तर मांडली. दारू माणसाला आक्रमक बनवत नाही, ती त्याचे लक्ष आकुंचित करते, असा तिचा गाभा आहे. समोर जे सर्वांत ठळक असेल तेवढेच दिसते आणि बाकीचे, म्हणजे उद्याची सकाळ, पोलीस, बायकामुले, समोरच्याने मघाशीच मागितलेली माफी, हे सगळे धूसर होते. ठळक गोष्ट एखादे गाणे असेल तर माणूस गातो, जुने दुःख असेल तर रडतो, आणि खांद्याला लागलेला धक्का असेल तर मुठी आवळतो.

ही कल्पना खरी असेल तर त्यातून एक विलक्षण भाकीत निघते: प्यायलेल्या माणसाचे लक्ष चिथावणीवरून दुसरीकडे वळवले तर तो शांत व्हायला हवा. पीटर जियान्कोला आणि मिशेल कॉर्मन यांनी २००७मध्ये हे भाकीत तपासले. त्यांनी वापरलेली पद्धत स्टुअर्ट टेलर यांनी १९६०च्या दशकात रूढ केलेली होती. तिच्यात सहभागी व्यक्ती एका अदृश्य प्रतिस्पर्ध्याशी चपळाईची स्पर्धा खेळते, हरणाऱ्याला सौम्य विजेचा झटका बसतो आणि झटक्याची तीव्रता जिंकणारा ठरवतो. प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात नसतोच. त्याच्या नावाने प्रयोगकर्तेच चिथावणी वाढवत नेतात. अपेक्षेप्रमाणे प्यायलेल्यांनी अधिक तीव्र झटके दिले. मात्र खेळता खेळता पडद्यावर उजळणाऱ्या चौकोनांचा क्रम लक्षात ठेवण्याचे बेताचे अवघड काम ज्यांना सोबत दिले होते, त्यांच्यात चित्र पालटले: प्यायलेले लोक न प्यायलेल्यांपेक्षाही सौम्य निघाले. आकुंचित लक्षात एकाच गोष्टीला जागा होती आणि ती जागा चौकोनांनी अडवली होती. (दारूड्याशी वाद न घालता त्याला गप्पांत गुंतवणारे जुने वेटर हे बहुधा प्रयोगाविनाच जाणून असतात.)

आणखी एक बारकावा रस्त्यावरच्या हिंसेसाठी महत्त्वाचा आहे. रक्तातले दारूचे प्रमाण तेवढेच असले तरी ते चढत असतानाचा माणूस आणि उतरत असतानाचा माणूस सारखे वागत नाहीत. चढताना उत्तेजन आणि आक्रमकता अधिक असते, उतरताना सुस्ती. बंद होण्याच्या वेळेआधी घाईने शेवटचे दोन पेले रिचवणारा माणूस बाहेर पडतो तेव्हा ती दारू अजून चढतच असते. त्याच क्षणी शेजारच्या दहा बारमधूनही तशीच माणसे एकाच पदपथावर येतात, टॅक्सी कमी असतात, रांगेत कुणीतरी घुसते, कुणाचा तरी पाय तुडवला जातो. अरुंद झालेल्या लक्षाला ठळक चिथावणी पुरवायची असेल तर याहून चांगली रचना मुद्दाम करूनही साधली नसती.

त्यामुळेच हिंसा घटवण्याचे जे उपाय प्रत्यक्ष चालले, ते उपदेशाचे नाहीत, वेळेचे आणि जागेचे आहेत. ब्राझीलमधील दियादेमा या हिंसाचारग्रस्त शहराने जुलै २००२पासून रात्री ११ वाजता मद्यविक्री बंद केली आणि पुढच्या काळात खुनांची संख्या महिन्याला सुमारे नऊने घटल्याचे संशोधकांना आढळले. नॉर्वेतल्या १८ शहरांच्या अभ्यासात बार बंद होण्याची वेळ एक तासाने पुढे गेली की हल्ले सुमारे १६ टक्क्यांनी वाढतात आणि मागे आली की तितकेच घटतात, असा संबंध दिसला. वेल्समधील कार्डिफमध्ये जबड्याचे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की त्यांच्याकडे टाके घालून घेणाऱ्यांतल्या मोठ्या हिश्शाची पोलिसांकडे नोंदच नाही. मग रुग्णालयाने नाव न विचारता फक्त मारहाणीची जागा, वेळ आणि हत्यार नोंदवून ते पोलिसांना व नगरपालिकेला कळवायला सुरुवात केली. तशाच इतर शहरांच्या तुलनेत हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४२ टक्क्यांनी कमी राहिले, असे २०११मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते. शेफर्ड यांचाच एक प्रयोग मात्र उलटला. फुटल्यावर धारदार तुकडे न होणारे कडक काचेचे पेले काही बारमध्ये दिले गेले, पण ते सहज फुटणारे निघाले आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या जखमा वाढल्या. अंतर्ज्ञानाने बरोबर वाटणारा उपाय मोजून पाहावा लागतो तो यासाठी.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहू. अमेरिकी संशोधक पॉल गोल्डस्टाइन यांनी १९८५मध्ये अमली पदार्थांशी निगडित हिंसेचे तीन प्रकार मांडले: पदार्थाच्या शारीरिक परिणामामुळे होणारी हिंसा, पदार्थासाठी पैसा मिळवताना होणारी हिंसा आणि बेकायदा व्यापारातून होणारी हिंसा, म्हणजे टोळ्यांची हद्द, उधारी, फसवणुकीचा सूड. त्यानंतर १९८८ सालच्या न्यूयॉर्कमधील खुनांची त्यांच्या गटाने छाननी केली. शहर तेव्हा क्रॅकच्या, म्हणजे ओढता येणाऱ्या कोकेनच्या, भीतीने पछाडलेले होते, पण त्याच्याशी जोडलेले बहुतेक खून व्यापाराच्या भांडणातले निघाले, आणि नशेच्या थेट परिणामातून झालेल्या खुनांमध्ये दारूचाच हात मोठा होता. दारूलाही हा तिसरा प्रकार नवा नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात दारूसाठी रस्त्यावर बंदुका चालत होत्या, आणि त्या काळी तो दोष कुणी बंदीला दिला, कुणी टोळ्यांना.

याचा अर्थ बाकीचे पदार्थ निरुपद्रवी आहेत असा मुळीच नाही. मेथॅम्फेटामाइन या उत्तेजक पदार्थाच्या दीर्घ वापराने संशयग्रस्तता आणि हिंसा वाढू शकते. हेरॉइन माणसाला मारामारीला उठवत नाही, पण श्वास बंद पाडते. कोकेन आणि दारू एकत्र घेतल्यास यकृतात कोकाएथिलीन नावाचे तिसरेच रसायन तयार होते, जे हृदयाला कोकेनहूनही घातक मानले जाते. प्रश्न हा आहे की या धोक्यांची तुलना एकाच मापाने होते का.

ती करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. औषधशास्त्रज्ञ डेव्हिड नट हे अमली पदार्थांविषयीच्या सरकारी सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते. दारू आणि तंबाखू हे गांजा, एलएसडी आणि एक्स्टसी यांच्याहून अधिक हानिकारक आहेत, असे त्यांनी जाहीरपणे मांडल्यावर ऑक्टोबर २००९मध्ये गृहमंत्र्यांनी त्यांना पदावरून दूर केले. पुढच्या वर्षी नट आणि सहकाऱ्यांनी 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २० पदार्थांना हानीच्या १६ निकषांवर गुण दिले. १००पैकी दारूला ७२, हेरॉइनला ५५ आणि क्रॅकला ५४ गुण मिळाले. एकूण क्रमवारीपेक्षा त्यातली फोड अधिक बोलकी आहे: फक्त सेवन करणाऱ्याची हानी मोजली तर क्रॅक, हेरॉइन आणि मेथॅम्फेटामाइन दारूच्या पुढे जातात, पण इतरांच्या हानीत दारूचे ४६ गुण होतात आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या हेरॉइनचे २१. या यादीवर रास्त टीकाही झाली. दारूचे गुण वाढतात ते बऱ्याच अंशी पिणाऱ्यांच्या प्रचंड संख्येमुळे, आणि हेरॉइन तितकेच सहज मिळाले असते तर काय झाले असते हे यादी सांगत नाही. आक्षेप खरा आहे. तो मान्य केला की मात्र हेही मान्य करावे लागते की पदार्थाची हानी त्याच्या रेणूइतकीच त्याच्या उपलब्धतेवर ठरते, आणि दारूची उपलब्धता वाढवण्यासाठी तर जाहिरातींवर उघड खर्च होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये दारूमुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले आणि इतर अमली पदार्थांमुळे सुमारे ६ लाख. १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराने अफू, कोका आणि गांजा यांना नियंत्रणाखाली आणले, तंबाखूसाठी २००३मध्ये करार झाला. दारूसाठी असा बंधनकारक करार आजही नाही.

दुटप्पीपणा सर्वांत स्वच्छ दिसतो तो सिडनीत. किंग्ज क्रॉस भागात २०१२ आणि २०१३मध्ये एकेका ठोशाने कोसळलेले दोन तरुण मरण पावल्यावर न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४मध्ये दोन वेगळी पावले उचलली. एका कायद्याने नशेत मारलेल्या जीवघेण्या ठोशासाठी किमान आठ वर्षांची कैद ठरवली. दुसऱ्याने रात्री दीडनंतर बारमध्ये नव्याने प्रवेश आणि तीननंतर मद्यविक्री बंद केली. शिक्षेचा कायदा माणसाला धरतो, वेळेचा नियम पेल्याला. राज्याच्या गुन्हे-सांख्यिकी विभागाच्या २०१७मधील विश्लेषणानुसार किंग्ज क्रॉसमधले हल्ले ४९ टक्क्यांनी आणि शहराच्या मध्यभागातले १३ टक्क्यांनी घटले, आसपासच्या काही भागांत मात्र वाढले. एकूण जमाखर्चात घटच अधिक होती. त्यानंतर वाद पेटला तो बुडालेल्या धंद्याचा, हरवलेल्या संगीताचा आणि रात्रीच्या अर्थव्यवस्थेचा. ती तक्रार खोटी नव्हती; ओस पडलेल्या रस्त्याची किंमत मोजायलाच हवी. मध्यभागातला प्रवेशबंदीचा नियम जानेवारी २०२०मध्ये आणि किंग्ज क्रॉसमधला मार्च २०२१मध्ये उठवला गेला. गांजाच्या चार पुड्यांसाठी माणसाला तुरुंगात टाकणाऱ्या कायद्यांचा असा नफा-तोटा मांडायला जगातल्या बहुतेक सरकारांना अनेक दशके लागली आणि काहींनी तो अजून मांडलेला नाही. सिडनीच्या पेल्याच्या वाट्याला तो सात वर्षांत आला. किमान आठ वर्षांच्या कैदेचा कायदा प्रवेशबंदीचा नियम उठवताना तसाच ठेवला गेला.