मोठ्याने वाजणारा अलर्ट आला म्हणजे फोन हॅक झाला असं नाही

"फोन जोरात वाजून इमर्जन्सी अलर्ट आला तर ओके दाबू नका, बँकेची माहिती जाते" हा फॉरवर्ड कितीतरी वर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिक आहे, सायलेंटवरचा फोनही कधी कधी वाजतो. पण हा अलर्ट साधा एसएमएस नसतोच, याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात, टॉवर रेडिओसारखा एकच मेसेज रेंजमधल्या सगळ्या फोनना पाठवतो, त्याला कुणाचा नंबर लागत नाही आणि तो कुणी वाचला हेही टॉवरला कळत नाही. ओके दाबलं की फक्त मेसेज स्क्रीनवरून जातो, बाकी काही नाही. खात्री करायचीय तर सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' शोधा, बऱ्याच फोनमध्ये जुने अलर्टही तिथे दिसतात. आणि मोबाईल डेटा बंद असला तरी तो येतो. ओटीपी मागणारा मेसेज मात्र वेगळा, तो फसवणुकीचाच. पूर-वादळात नेटवर्क जाम असतानाही हा अलर्ट पोचू शकतो, म्हणून प्लीज तो बंद करून ठेवू नका.